जुनी पिकअप घेताय? आधी तिनं काय वाहिलं ते विचारा

वरूड तालुक्यात माझी सहा एकर संत्र्याची बाग आहे. बाग आली की कॅरेट आले, कॅरेट आले की गाडी आली. आतापर्यंत मी दोन जुन्या पिकअप घेतल्या. पहिलीत फसलो. दुसरी चार वर्षांपासून बिनतक्रार चालू आहे. पहिल्या वेळी मी विचारलं, "किती चालली?" दुसऱ्या वेळी विचारलं, "काय वाहिलं?" फरक या एका प्रश्नाचा होता. मीटर मागं फिरवता येतं, पण ओझ्याच्या खुणा लोखंडावर राहतातच.

पहिली गाडी मी 2018 मध्ये घेतली. "भाऊ, नुसते संत्रेच वाह्यले हिनं," असं विकणाऱ्यानं सांगितलं. रंग चकचकीत होता, सीटकव्हर नवं होतं. मी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. आंबिया बहाराच्या पहिल्याच तोडीला गाडी भरून बागेतून निघालो आणि पांदण रस्त्यावरच मागच्या पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तडकली. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि बोट ठेवून म्हणाला, "हे पाय, इथं आधीच वेल्डिंग मारेल हाय." गाडी रेतीवर चाललेली होती. माल दुसऱ्या गाडीत भरता भरता रात्र झाली.

ओली रेती एका घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. बोलेरो पिकअपची क्षमता मॉडेलप्रमाणं साधारण सव्वा ते पावणेदोन टन. म्हणजे अर्धा डाला रेतीनंच गाडी ओव्हरलोड होते, आणि अर्धा डाला भरून कोणी रेती नेत नाही. म्हणून आता मी आधी गाडीखाली पोतं अंथरून आडवा होतो. चेसिसवर एकाच जागी ताजा काळा रंग दिसला तर नखानं खरवडून पाहतो. पाटे मोजतो, कंपनीच्या पाट्यांवर जास्तीचा पाटा घातला असेल तर तो उगाच घातलेला नसतो. चेसिसच्या खाचेत बोट फिरवतो, धुतलेल्या गाडीतही कोपऱ्यात रेतीचे कण सापडतात. मग दहा पावलं मागं जाऊन पाहतो, रिकामी गाडी एका अंगाला कलते का, डाल्याचे पल्ले बाहेर फुगलेत का. रेतीच्या गाडीला आणखी एक भीती असते. अवैध वाहतुकीत पकडलेली गाडी महसूल खातं जप्त करतं, दंड आणि बंधपत्रावर सोडतं. असं प्रकरण चालू आहे का, हे तहसीलमध्ये विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

खताची गाडी असेल तर डाल्याची ताडपत्री, चटई सगळं उचलायला लावा. युरिया ओल धरतो आणि पत्रा खालून खातो. दुधाची गाडी मात्र मला आवडते. किलोमीटर भरपूर असतात, पण रोज ठरलेला रस्ता, ठरलेलं ओझं, आणि दूध नासू नये म्हणून मालकानं वेळेवर केलेली सर्व्हिसिंग.

इंजिन पाहायला सकाळी लवकर जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली आहे. थंड गाडी अर्ध्या सेल्फमध्ये उठली पाहिजे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. फकफक धूर आणि जोराचा दाब आला तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे आतला दाब गळून खाली उतरतोय, काम निघणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. नंतर पांदण रस्त्यावर फिरवून आणा आणि डांबरीवर चौथ्या गिअरला रेस सोडून ऐका, मागून हुंकार आला तर क्राऊन-पिनियन (मागच्या धुऱ्यातले गिअर) पाहून घ्या. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. शक्य असेल तर स्वतःचा मिस्त्री न्या. त्याची मजुरी वाचवू नका.

कागद घरबसल्या निम्मे कळतात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, पासिंग (फिटनेस), विमा आणि फायनान्सचा बोजा दिसतो. ई-चलनही तपासा. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन 3000 किलोपेक्षा जास्त असेल तर परमिटही लागतं. आमच्याकडं सीमेपलीकडून छिंदवाडा-बैतूलच्या एमपी 28, एमपी 48 नंबरच्या गाड्या स्वस्तात येतात. तिथली एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर यांचा खर्च धरूनच ती स्वस्त आहे का ते ठरवा. चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः आरसीशी जुळवा, फोटोवर विसंबू नका.

आता भाव. तोड सुरू झाली की पिकअप भाड्यालाही मिळत नाही आणि विकायलाही निघत नाही. मी दुसरी गाडी जुलैत पाहिली. मागणी 4 लाख 75 हजार होती. मी घासाघीस केली नाही, वहीत लिहिलं: चार टायर 30 हजार, क्लच 10 हजार, विमा 18 हजार, पासिंगआधीचं काम 8 हजार. एकूण 66 हजार. वही मालकासमोर ठेवली. त्यानं एकेक ओळ वाचली, क्लचबद्दल वाद घातला, आणि 4 लाख 15 हजारांवर हात दिला. पेरणीसाठी पैसा हवा असलेला शेतकरी गाडी काढतो तेव्हा त्याला मातीमोल भाव सांगणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका. खर्च दाखवून जेवढं कमी होतं तेवढंच मागा.

पैसे देताना घाई नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं; विमा नावावर करायचा अर्जही 14 दिवसांत द्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ मी स्टॅम्पपेपरवर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, म्हणजे त्याआधीचं चलन त्याचं, नंतरचं माझं. 40 हजार मागं ठेवले होते. अमरावतीहून माझ्या नावाची आरसी आली, त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन मोजून दिले.