जुन्या नोंदींत पीतज्वर कसा ओळखावा
अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १७९३ साली आलेल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा ताप) साथीची टिपणं वाचताना नुसत्या ‘डोळे पिवळे’ या नोंदीवर जाऊ नका. कावीळ हिवतापातही होते. आधी दिवस मोजा. तीन-चार दिवस हुडहुडी, ताप, कंबरदुखी, लालभडक डोळे. मग ताप उतरतो, रोगी उठून बसतो. डॉक्टर इथेच फसत! काहींचा ताप दिवसभरात उलटतो. मग कावीळ, लघवी बंद होणं आणि काळी उलटी, कॉफीच्या चोथ्यासारखी, कारण जठरातल्या आम्लाने रक्त काळं पडतं. थर्मामीटर वापरात नव्हता, म्हणून ‘अंग तापलेलं, नाडी मंद’ अशी जोडी शोधा. हिरड्यांतल्या रक्तावर मात्र फार भिस्त नको: तिथले डॉक्टर बेंजामिन रश कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध देत, त्यानेही हिरड्या सुजून रक्त येतं. महिनाही पाहा, कडाक्याची थंडी पडली की डास मरत, साथ ओसरे.