झेंड्यांच्या रांगेत उभे राहताना

अमेरिकेत एखाद्या माजी सैनिकाचा अंत्यविधी असतो तेव्हा शववाहिकेपासून चर्चच्या किंवा फ्यूनरल होमच्या (अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या) दारापर्यंत दोन्ही बाजूंना राष्ट्रध्वज हातात घेऊन निःशब्द उभी असलेली माणसे पुष्कळदा दिसतात. त्यांतल्या बहुतेकांची मृताशी कधी भेटही झालेली नसते. या रांगेला इथे सगळे ‘फ्लॅग लाइन’ म्हणतात. मी झेंड्यांची रांग म्हणतो. तिच्यात उभे राहण्यासाठी स्वतः सैन्यात नोकरी केलेली असावी लागत नाही आणि मोटारसायकलही लागत नाही, जरी या कामात मोटारसायकलस्वारांची संख्या मोठी असली तरी. गेली काही वर्षे मी अशा रांगांत उभा राहत आलो आहे, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणाला हे काम करावेसे वाटले तर पहिल्या दिवशी काय ठाऊक असायला हवे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

ही रांग कशासाठी सुरू झाली हे आधी समजून घ्यावे, कारण रांगेतले पुष्कळसे नियम तिथूनच आले आहेत. कॅन्सस राज्यातल्या टोपेका येथील वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या छोट्या पंथाचे लोक इराकमध्ये मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधींबाहेर फलक घेऊन उभे राहू लागले होते. देश समलिंगी लोकांना सहन करतो म्हणून देव सैनिकांना मारतो आहे, असे ते मोठ्याने ओरडून सांगत. २००५ साली कॅन्ससमधल्याच अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या काही मोटारसायकलस्वारांनी शोकाकुल कुटुंब आणि हे निदर्शक यांच्या मध्ये झेंडे घेऊन उभे राहायचे ठरवले, आणि त्यातूनच ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ ही देशभर पसरलेली संघटना उभी राहिली. निदर्शकांशी वाद घालायचा नाही, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि कायद्याची चौकट कोणत्याही स्थितीत ओलांडायची नाही, हा दंडक तेव्हापासूनचा आहे. पुढे २००६ साली राष्ट्रीय दफनभूमींच्या प्रवेशद्वारापासून ३०० फुटांच्या आत अंत्यविधीच्या वेळी निदर्शने करण्यास कायद्याने बंदी आली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने त्या चर्चचे भाषणस्वातंत्र्य मान्य केले, तर २०१२ सालच्या कायद्याने अंत्यविधीच्या आधी आणि नंतर दोन दोन तासांपर्यंत बंदी वाढवली. मी उभा राहिलो त्या रांगांत निदर्शक एकदाही आले नाहीत. कुटुंबाला आडोसा देण्याची रांगेची मूळ वृत्ती मात्र तशीच राहिली आहे, आणि ती राहायलाच हवी असे मला वाटते.

पहिला नियम असा, की कुटुंबाने बोलावल्याशिवाय जायचे नाही. मृत व्यक्ती कितीही मोठी योद्धा असो, वर्तमानपत्रात बातमी वाचून आपण होऊन झेंडा घेऊन दारात उभे राहणे हा आगंतुकपणा ठरतो. निमंत्रण बहुधा फ्यूनरल होमच्या संचालकामार्फत येते. त्यानंतर संघटनेचा स्थानिक प्रमुख, ज्याला राइड कॅप्टन म्हणतात, वेळ, जमण्याची जागा आणि कुटुंबाच्या इच्छा स्वयंसेवकांना कळवतो. नव्या माणसाने स्थानिक गटाकडे नाव नोंदवावे आणि पहिल्या खेपेला राइड कॅप्टनला आपण नवीन असल्याचे स्पष्ट सांगावे. असे सांगितल्यावर मला एका वृद्ध नौसैनिकाशेजारी उभे केले गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहूनच मी अर्धे काम शिकलो.

ठरलेल्या वेळेच्या अर्धा पाऊण तास आधी जमण्याच्या जागी पोहोचावे. तिथे छोटी बैठक होते. शववाहिका कोणत्या दिशेने येईल, रांग कुठून कुठवर असेल, कुटुंबाने छायाचित्रे घेऊ दिली आहेत की नाहीत, हे तिथेच सांगितले जाते. पोशाख साधा, स्वच्छ आणि हवामानाला साजेसा असावा. स्वारांची बिल्ले लावलेली चामड्याची बंडी पाहून आपणही काही खास घालायला हवे असे वाटते, पण त्याची गरज नाही. बूट मात्र जुने, पायाला बसलेले असावेत, कारण तास दीड तास एकाच जागी उभे राहावे लागते आणि ते चालण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. उभे राहताना गुडघे ताठ कडक करू नयेत, किंचित सैल ठेवावेत. गुडघे घट्ट धरून फार वेळ उभे राहिल्यास पायांतले रक्त वर यायला अडचण होते आणि धडधाकट माणसालाही भोवळ येते. आधी पुरेसे पाणी प्यावे. तरीही डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर शेजाऱ्याला हलकेच सांगून एक पाऊल मागे सरकावे. शेजारचे दोघे अंतर वाढवून ती जागा भरून काढतात. उभा असलेला माणूस झेंड्यासकट कोसळण्यापेक्षा हे शतपटीने बरे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता झेंड्याविषयी. अमेरिकेच्या ध्वजाचे संकेत १९४२ साली कायद्यात समाविष्ट झाले आणि रांगेत त्यांचे पालन काटेकोरपणे केले जाते. ध्वज कोणाहीपुढे, कशाहीपुढे झुकवायचा नाही, हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा संकेत आहे. शवपेटी समोरून जात असताना हात आपोआप नमू पाहतो, पण राष्ट्रध्वज सरळच ठेवायचा. सैन्यदलांचे आणि संघटनांचे झेंडे मात्र मान देण्यासाठी झुकवता येतात. दंडाचे खालचे टोक उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर टेकवावे, उजव्या हाताने दंड साधारण खांद्याच्या उंचीवर धरावा आणि तो दोन्ही बाजूंनी उभ्या रेषेत आहे ना, हे शेजारच्या दंडाकडे नजर टाकून अधूनमधून पाहावे. एकच दंड कलला तरी अख्खी रांग विस्कटलेली दिसते. ध्वजाचे कापड जमिनीला लागू देऊ नये. चुकून लागलेच तर तो तत्काळ उचलावा. जमिनीला लागलेला ध्वज जाळूनच टाकावा लागतो हा समज चुकीचा आहे, स्वच्छ करून तो पुन्हा वापरता येतो. फाटून किंवा विटून निरुपयोगी झालेला ध्वज मात्र सन्मानपूर्वक, शक्यतो जाळून, नष्ट करावा असे संकेतात म्हटले आहे, आणि अमेरिकन लीजनच्या शाखा असे ध्वज त्यासाठी स्वीकारतात.

खरी परीक्षा वाऱ्याची असते. माझ्या दुसऱ्याच रांगेत वारा एकाएकी फिरला, झेंडा माझ्या खांद्यावरून उलटला आणि त्याची कड मृताच्या मुलीच्या चेहऱ्यावरून सपकन गेली. तिने डोळे मिटले, हाताने कापड हळूच बाजूला केले आणि आईला सावरत ती पुढे गेली. मी तोंडातून शब्दही काढू शकलो नाही, आणि काढायलाही नको होता. तेव्हापासून मी वाऱ्याच्या दिवशी कापडाची खालची मोकळी कड दंडाबरोबर दोन बोटांत सैलसर धरून ठेवतो आणि माणसे जाऊन वाट मोकळी झाली की सोडतो. कापड मुठीत पूर्ण आवळू नये, कारण मग तो झेंडा न दिसता बोचके दिसते. पावसाची शक्यता असेल तर सर्व हवामानात टिकणारा नायलॉनचा ध्वजच न्यावा.

शववाहिका येताना दिसली की राइड कॅप्टन सावधानचा हुकूम देतो. मृत सैनिकाची पेटी ध्वजाने झाकलेली असते. ध्वजाचा ताऱ्यांचा निळा भाग डोक्याकडे, मृताच्या डाव्या खांद्यावर येईल असा असतो. हा ध्वज ५ फूट रुंद आणि साडेनऊ फूट लांब असतो, माजी सैनिकांसाठीचे सरकारी खाते तो कुटुंबाला विनामूल्य देते, आणि तो पेटीबरोबर कबरीत उतरवला जात नाही. पेटी समोरून जात असताना नजर सरळ ठेवावी. मान वळवून तिच्याकडे किंवा रडणाऱ्या माणसांकडे पाहू नये. ज्यांच्या हातात झेंडा नाही, त्यांनी टोपी काढून उजवा हात छातीवर ठेवावा. माजी सैनिक गणवेशात नसले तरी २००८ सालापासून कायद्याने त्यांना सलामी देता येते. झेंडा धरणाऱ्याने फक्त स्थिर उभे राहायचे असते. त्याची सलामी ती हीच.

दफनभूमीतला लष्करी मान स्वयंसेवकांच्या हातात नसतो. १ जानेवारी २००० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार पात्र माजी सैनिकाच्या कुटुंबाने मागणी केल्यास किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, त्यांतला एक मृताच्या सैन्यदलाचा असतो, आणि ध्वजाची घडी घालणे, तो कुटुंबाला अर्पण करणे व टॅप्स ही बिगुलाची धून वाजवणे एवढे विधी होतात. तुमच्या ओळखीच्या कुटुंबाला हे हवे असेल तर सेवामुक्तीचा डीडी फॉर्म २१४ हा कागद शोधून फ्यूनरल होमच्या संचालकाकडे लवकरात लवकर द्यायला सांगावे; घरातल्या घरात ही सर्वांत उपयोगी मदत ठरते. राष्ट्रीय दफनभूमींत हा विधी बहुधा कबरीपाशी होत नाही, वेगळ्या छताखाली होतो आणि त्याला साधारण २० मिनिटेच मिळतात, म्हणून रांग आधीच लावून तयार असावी लागते. बंदुकांची सलामी असेल तर तीन फैरी झडतात. पहिल्या फैरीने नवखा माणूस दचकतो, तेव्हा सैनिकांनी बंदुका उचललेल्या दिसताच मनाची तयारी करावी. मग टॅप्स. १८६२ साली यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या छावणीत जनरल डॅनियल बटरफील्ड यांनी रूढ केलेली ही चोवीस स्वरांची धून संपेपर्यंत घशात कितीही दाटून आले तरी हलू नये. त्यानंतर ध्वजाची तेरा घड्यांची निळी त्रिकोणी घडी गुडघे टेकून जवळच्या नातेवाइकाच्या हाती दिली जाते.

हे सगळे पाहताना आपल्या मराठी मनाला एक गोष्ट जड जाते. दुःखाच्या घरी गेलो की जवळ जावे, हात हातात घ्यावा, दोन शब्द बोलावेत, ही आपली रीत. रांगेत ती बाजूला ठेवावी लागते. कुटुंबातले कोणी आपण होऊन जवळ आले, हात धरला, तर ‘तुमच्याबरोबर उभे राहता आले, हा आमचा मान आहे’ एवढे म्हणावे. मृताच्या पराक्रमाची चौकशी करू नये, कोणत्या युद्धात होते हे विचारू नये, आणि त्या युद्धाविषयी आपले मत तर मुळीच सांगू नये. फोन बंद करून गाडीतच ठेवावा. रांगेत सिगारेट, गप्पा, हसणे वर्ज्य. शेवटची गाडी दृष्टिआड होईपर्यंत, राइड कॅप्टनने रांग मोडेपर्यंत, कोणी जागा सोडत नाही. घरी आल्यावर झेंडा ओला असेल तर तो उलगडून वाळवावा, कारण ओला गुंडाळून ठेवलेला झेंडा पुढच्या अंत्यविधीला डागाळलेला निघतो.

वेळ अपुरा असेल आणि एकाच ठिकाणी जाता येत असेल, तर जिथे कुटुंबच नाही तिथे जावे, असे मी सुचवीन. काही माजी सैनिक एकटेच मरतात. काहींच्या अस्थी वर्षानुवर्षे फ्यूनरल होमच्या फडताळात पडून राहतात, आणि ‘मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट’सारखे गट त्या शोधून, सेवेची खातरजमा करून लष्करी मानाने दफन घडवून आणतात. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत १९४८ सालापासून, हवाई दलाच्या प्रमुखांच्या पत्नी ग्लॅडिस व्हँडेनबर्ग यांच्या पुढाकाराने, स्त्रिया अशाच हेतूने अंत्यविधींना जात आल्या आहेत, आणि आज त्यांना आर्लिंग्टन लेडीज म्हणून ओळखतात. अशा विधीत रांग छोटी असते, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि घडी घातलेला ध्वज स्वीकारायला स्वयंसेवकांपैकीच कोणी पुढे व्हावे लागते. एका हिवाळी सकाळी राइड कॅप्टनने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी झेंडा शेजाऱ्याच्या हाती दिला आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलो. ध्वज घ्यायचा तो दोन्ही हातांनी, एक तळहात खाली आणि एक वर, छातीशी धरून. आणि समोर गुडघा टेकलेला तरुण सैनिक राष्ट्राच्या वतीने आभाराची वाक्ये म्हणत असताना त्याच्या डोळ्यांत पाहायचे, कारण ज्याच्यासाठी ती वाक्ये आहेत, त्याच्या वतीने ऐकणारे दुसरे कोणी तिथे नसते.