दगडी झाली? पहिल्या इंजेक्शनाआधी दुधाचा नमुना असा घ्या

दगडी म्हणजे कासेचा दाह. कास सुजली, दुधात गाठी दिसल्या की पुढचा क्रम बहुतेक गोठ्यांत ठरलेला असतो. दुकानातून सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाची बाटली येते, दोन दिवस सुई टोचली जाते, दूध साफ दिसायला लागले की तिसरा डोस राहून जातो. महिन्याभरात तोच सड पुन्हा सुजतो आणि आता तेच औषध लागू पडत नाही. अर्धवट डोसात कमकुवत जंतू मेलेले असतात, चिवट तेवढे उरून वाढलेले असतात. मुळात कोणता जंतू होता हेच कुणी पाहिलेले नसते.

ते पाहायला चमचाभर दूध पुरते. मात्र नमुना पहिल्या डोसाआधी घ्यायला हवा. औषध अंगात गेल्यावर जंतू दबतात, प्रयोगशाळेत काही उगवत नाही, आणि कोऱ्या अहवालावरून औषध ठरत नाही.

थांबता येईल का, ते आधी ठरवा

दुधात फक्त गाठी आहेत, किंवा कास थोडी कडक आहे पण जनावर वैरण खाते, ताप नाही, तर जंतू कोणता ते कळेपर्यंत एखादा दिवस थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. तेवढ्यात सड वारंवार पिळून रिकामा ठेवा. दुखणे आणि सूज कमी करायला डॉक्टर मेलॉक्झिकॅम देऊ शकतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मागू नका. ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

ताप आहे, वैरण सोडली, दूध पाण्यासारखे पातळ किंवा रक्ताळलेले आहे, जनावर बसून राहते, तर मात्र थांबू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या नंबरवर फोन करा. नमुना अशा वेळीही घ्यायचाच, फक्त सुई टोचण्याच्या पाच मिनिटे आधी.

बाहेरून काहीच दिसत नाही पण दूध घटले आहे, तर सुप्त दगडी असू शकते. त्यासाठी अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचे दूध वेगवेगळे घ्या, प्रत्येकीत तेवढेच द्रावण घालून गोल हलवा. मिनिटभरात मिश्रण चिकट, जेलीसारखे झाले तर त्या सडात दाह आहे. पातळच राहिले तर ठीक. व्यालेल्या जनावराच्या पहिल्या आठवड्यात आणि आटत आलेल्या जनावरात ही चाचणी फसवते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

नमुना घेणे

औषध दुकानातून निर्जंतुक झाकणाची लघवी तपासणीची डबी आणा. धुतलेली जुनी औषधाची बाटली चालत नाही. जोडीला कापूस, ७० टक्क्यांचे स्पिरिट, हातमोजे आणि खुणेचा पेन. जेल सॅनिटायझर नको, तो सडावर राहतो आणि दुधात उतरतो.

१. डबीवर आधीच लिहून ठेवा: कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, कोणता सड (पुढचा-मागचा, उजवा-डावा), तारीख. ओल्या डबीवर पेन उमटत नाही.

२. वासरू पाजून पान्हा सोडवत असाल तर ते बाजूला करा आणि सड धुऊन कोरडे करा. वासराच्या तोंडातले जंतू नमुन्यात आले तर सगळा खटाटोप वाया जातो. पंढरपुरी म्हैस पान्हा सोडायला वेळ घेते, तिला घाई करू नका.

३. फक्त सड धुवा, सगळी कास नव्हे. कासेवरून ओघळणारे पाणी सडाच्या टोकाशी थेंब धरून राहते आणि तोच थेंब डबीत पडतो. कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसा.

४. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात टाका. जमिनीवर टाकू नका, त्याच जागी जनावर बसते.

५. हातमोजे घाला. स्पिरिटच्या बोळ्याने सडाचे टोक, म्हणजे धार निघते ते भोक, घासून पुसा. बोळा काळा निघाला तर दुसरा घ्या, पांढरा निघेपर्यंत. एका सडाचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. एकाहून जास्त सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना लांबचे सड आधी, जवळचे नंतर. नमुना घेताना उलट: जवळचे आधी. नाहीतर पुसलेल्या सडाला तुमचा हात लागतो. स्पिरिट वाळू द्या.

६. झाकण उघडून हातातच धरा, आतली बाजू खाली. गव्हाणीवर ठेवू नका. डबी आडवी तिरकी धरा, उभी धरली तर केस, शेण, कडब्याची धूळ सरळ आत पडते. सड डबीच्या काठाला न लावता ४-५ मिली धार घ्या आणि लगेच झाकण लावा. डबी भरण्याचा मोह टाळा.

नमुना हातात घेतल्याक्षणी घड्याळ सुरू होते. उन्हाळ्यात सोलापूर भागात ४२ अंशांचा पारा असतो आणि अनुकूल उष्णतेत ई-कोलाय हा जंतू दर २० मिनिटांना दुप्पट होतो. चुकून पडलेला एक जंतू तीन तासांत पाचशेच्या वर जातो, आणि अहवालात तोच खरा गुन्हेगार म्हणून येतो. सांगोला, करमाळ्याहून एसटीने किंवा मोटारसायकलच्या डिकीत डबी तशीच आणली तर हेच घडते. डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा, म्हणजे वितळलेले पाणी झाकणात शिरत नाही. २४ तासांत पोचवा. कुठे द्यायचा हे तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पुण्याच्या औंध इथली रोग अन्वेषण प्रयोगशाळा राज्यातली जुनी जागा आहे, पण जवळ सोय असेल तर ती बरी. सोबतच्या चिठ्ठीत मागच्या महिन्यात कोणती औषधे दिली ते लपवू नका.

अहवाल हातात आल्यावर

जंतू कोणता ते साधारण दिवसभरात कळू शकते, औषधांसह पूर्ण अहवाल दोन-तीन दिवसांत येतो. त्यात जंतूचे नाव आणि औषधांपुढे एस, आय किंवा आर असते. एस म्हणजे लागू, आर म्हणजे निकामी, आय मधले. तीन किंवा जास्त जातींचे जंतू उगवले असतील तर नमुना खराब होता, पुन्हा घ्या. काहीच उगवले नाही तर घाबरू नका. ई-कोलायची सौम्य दगडी अनेकदा जनावराच्या अंगच्या ताकदीनेच निवळते, म्हणून नमुन्यात काही सापडत नाही, आणि त्याला प्रतिजैविक लागत नाही. यीस्ट (एक बुरशी) किंवा प्रोटोथेका (शेवाळाच्या कुळातला सूक्ष्मजीव) आला तर जिवाणूंवरच्या प्रतिजैविकाचा उपयोगच नाही.

प्रयोगशाळेत जंतूंच्या ताटलीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजतात. अहवालातल्या या वर्तुळांवरून औषधे एकमेकांशी तोलू नका. २२ मिलिमीटरचे वर्तुळ १८ पेक्षा चांगले, असे नसते. प्रत्येक औषधाची कसोटी वेगळी असते. शिवाय ताटलीत लागू पडलेले औषध कासेत पोचलेच पाहिजे: जेंटामायसिनची सुई मांसात दिली तर ते दुधात फारसे उतरत नाही. एस आलेल्यांत जे जुने, साधे औषध चालेल तेच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रायॅक्सोन त्यातलेच) आणि एन्रोफ्लोक्सासिनसारखी औषधे शेवटी, कारण त्याच कुळातली औषधे माणसांच्या गंभीर आजारात लागतात. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर २०१९ पासून दूध-मांस-अंडी देणाऱ्या जनावरांत बंद आहे.

डोस वजनावर ठरतो, आणि अंदाजाने वजन कमी धरले तर डोस अपुरा पडतो. टेप घ्या. छातीचा घेर इंचांत मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. ६७ इंच घेर, ५५ इंच लांबी म्हणजे साधारण ३७४ किलो.

सडात औषधाची ट्यूब सोडायची असेल तर सडाचे टोक स्पिरिटने पुसून ट्यूबची नळी फक्त तीन-चार मिलिमीटर आत घाला, पूर्ण नळी खुपसू नका. एक ट्यूब एकाच सडाला. अर्धी-अर्धी वाटली तर दोन्ही सडांत डोस अपुरा पडतो, वर एकाचा जंतू दुसऱ्यात जातो.

दूध कधीपासून द्यायचे

औषधाच्या डबीवर दूध बंद ठेवण्याचे दिवस लिहिलेले असतात. ते शेवटच्या डोसापासून मोजा. तसे काही छापलेले नसेल तर नियमानुसार दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. एका सडाला औषध दिले म्हणून उरलेल्या तीन सडांचे दूध डेअरीला घालणेही चुकीचे, कारण औषध रक्तातून चारही सडांत जाते. उकळून ते उडत नाही. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूच मरतात. वासरालाही पाजू नका, त्याच्या पोटात चिवट जंतू तयार होतात. गोठ्यापासून दूर खड्ड्यात ओता.

उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच सडाचा पुन्हा नमुना घ्या. दूध साफ दिसते एवढ्यावर भागत नाही: स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कासेच्या आत गाठी करून दडून बसतो आणि महिनोन्महिने मधूनमधून दुधात उतरतो. दुसऱ्यांदाही तोच निघाला तर सड कायमचा आटवायचा की जनावर कळपातून काढायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर त्याची धार सगळ्यांत शेवटी काढा, अंगठा मुडपून सड ओढू नका, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत अर्धा तास तरी जनावर उभे राहील. त्याच्या कासेचे फडके दुसऱ्या जनावराला लावायचे नाही.