अमेरिकेत बँक बुडाली, तर कोल्हापुरात आधी काय बघायचं?

बँकेच्या परकीय चलन विभागात होतो म्हणून शिरोली एमआयडीसीतले, परदेशी माल पाठवणारे कास्टिंगवाले (लोखंडाचे ओतीव भाग बनवणारे) अजूनही विचारतात, "साहेब, डॉलर चढला म्हणजे आपली चांदीच ना?" थोडं थांबा.

पहिल्यांदा सेन्सेक्स बघू नका. जानेवारी २००८ मध्ये तो २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली. परदेशी फंड आपल्या घरची देणी भागवायला इथले शेअर विकत होते, इतकंच त्यातून कळलं.

कॉल मनीचा दर बघा, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरता पैसा देतात तो. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबर २००८ ला कोसळली आणि १० ऑक्टोबरला आपल्याकडे हा दर १९ टक्क्यांच्या वर. ज्यात लेहमन बुडाली ती अमेरिकेतली घरकर्जं आपल्या बँकांकडे जवळपास नव्हतीच, मग असं का? परदेशी कर्ज मिळेना म्हणून मोठ्या कंपन्या रुपये मागायला इथल्या बँकांच्या दारात आल्या, म्युच्युअल फंडांतले पैसेही काढू लागल्या. त्यात रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती, आणि विकलेल्या प्रत्येक डॉलरमागे बाजारातले रुपये तिच्याकडे जमा होत होते. अशा वेळी छोट्याची फाइल मागे पडते. म्हणून कॉल मनी रेपोच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते त्या दराच्या, बराच वर दोन-चार दिवस टिकला, की पॅकिंग क्रेडिटच्या (निर्यातीचा माल तयार करायला बँक देते ते कर्ज) नूतनीकरणाचे कागद मुदतीची वाट न बघता बँकेत देऊन टाका.

आता डॉलर. २००८ च्या सुरुवातीला ४० च्या खाली, वर्षअखेरीस ५० च्या जवळ. पण ज्यांनी पुढे येणारे डॉलर ४० च्या भावाने बँकेला आधीच विकून ठेवले होते, म्हणजे फॉरवर्ड केले होते, त्यांच्या हाती चाळीसच. ज्यांनी फॉरवर्ड केले नव्हते, त्यांच्याकडे खरेदीदार भाव पाडून मागायला आला. फॉरवर्ड करा, पण पक्क्या ऑर्डरपुरतंच, तेही सगळ्या रकमेचं नाही.

बँक बुडायलाच हवी असंही नाही. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नान्की यांनी तिची रोखेखरेदी कमी करण्याचं नुसतं सूतोवाच केलं आणि ऑगस्टअखेर डॉलर ६८ च्या पुढे गेला, कारण देशाच्या चालू खात्यातली तूट, म्हणजे व्यापारात बाहेर जाणारे डॉलर आत येणाऱ्यांपेक्षा जास्त, तेव्हा मोठी होती. परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी देते. तो सलग घसरू लागला की सावध व्हा.

ऑर्डरींवर परिणाम सगळ्यात उशिरा दिसतो. खरेदीदार रद्द म्हणत नाही, "शिपमेंट पुढे ढकला" म्हणतो. तसा मेल आला तर त्याची आधीची बिलं किती दिवसांत वसूल झाली ते तपासा, ईसीजीसीचा (परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा चालू आहे ना ते बघा, आणि मगच नवा साचा भट्टीसमोर लावा.