राउटरमधल्या प्राधान्य-रांगेचं गणित: या चुका टाळा

प्राधान्य-रांगेत आवाजाची पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) वरच्या श्रेणीत असतात, ती डेटाच्या आधी सुटतात. पण वरच्या श्रेणीचं पॅकेट आलं की लगेच सुटतं, ही समजूत सगळ्यात महागात पडते. तारेवर चढलेलं पॅकेट राउटर सहसा मध्येच तोडत नाही. ते संपेपर्यंत आवाजाच्या पॅकेटलाही थांबावं लागतं.

समजा लिंक १० एमबीपीएसची आहे. आवाजाची २०० बाइटची पॅकेट सेकंदाला १२५० येतात, डेटाची १५०० बाइटची ५००. एकेक पॅकेट पाठवायला ०.१६ आणि १.२ मिलिसेकंद, म्हणजे भार (लिंक व्यापलेल्या वेळेचा वाटा) २० आणि ६० टक्के. आगमन पॉयसाँ धरा, म्हणजे पॅकेट एकमेकांशी संबंध न ठेवता यादृच्छिक वेळी येतात. प्रत्येक श्रेणीचा आगमन-दर तिच्या सेवाकाळाच्या (एक पॅकेट पाठवायला लागणाऱ्या वेळेच्या) वर्गाच्या, म्हणजे स्क्वेअरच्या, सरासरीने गुणा, बेरजेचं निम्मं घ्या: ०.३७६ मिलिसेकंद. याला ०.८ ने (आवाजानंतर उरलेला वाटा) भागलं की आवाजाची सरासरी प्रतीक्षा ०.४७ येते, डेटासाठी आणखी ०.२ ने (दोन्हींनंतर उरलेला वाटा) भागा, २.३५. मधेच तोडणारं प्रारूप आवाजासाठी फक्त ०.०२ सांगतं. तेवीसपट फरक!

दुसरी चूक सेवाकाळाच्या याच वर्गात (स्क्वेअरमध्ये) दडलेली असते. सगळी पॅकेट ५७१ बाइटच्या सरासरी आकाराची मानून एकाच साध्या (आधी आलं ते आधी सुटणाऱ्या) रांगेचं गणित केलं, तर प्रतीक्षा ०.९१ येते; खरे आकार घेतले तर १.८८. उलट, ठरावीक आकाराच्या पॅकेटना घातांकी (खूप कमी-जास्त होणारा, यादृच्छिक) सेवाकाळ लावला की उत्तर दुप्पट फुगतं.

उत्तर तपासायला एक गुणाकार पुरतो: प्रत्येक श्रेणीचा भार गुणिले तिची प्रतीक्षा, यांची बेरीज प्राधान्य बदललं तरी तीच राहते, अट एवढीच की पॅकेट मध्ये तुटू नयेत आणि गळू नयेत. इथे ०.२ × ०.४७ + ०.६ × २.३५ = १.५०४, साध्या रांगेत ०.८ × १.८८, तेही १.५०४. जुळलं नाही तर कोड तपासा, राउटर नव्हे.

एकूण भार १०० टक्क्यांच्या वर गेला की सूत्र डेटासाठी उणे प्रतीक्षा देतं. तो आकडा फेकून द्या. आवाजाची प्रतीक्षा मात्र मर्यादितच राहते: डेटा उरलेला ८० टक्के वेळ सतत व्यापतो असं धरलं की ०.६२ मिलिसेकंद.

गणित बरोबर, तरी प्रत्यक्षात विलंब कितीतरी जास्त? आधी इंटरफेसची ट्रान्समिट रिंग (तारेवर जायला तयार पॅकेटांची हार्डवेअरची रांग) पाहा. ती प्राधान्य-रांगेनंतर येते आणि बहुधा आला त्या क्रमानेच सोडते. १५०० बाइटची ६४ पॅकेट तिथे साचली तर ७६.८ मिलिसेकंद गेले. रिंग लहान करा, किंवा प्रारूपात तेवढा विलंब जोडा. आणि भार पाच मिनिटांच्या सरासरीवरून काढू नका; ४० टक्के दिसणारी लिंक क्षणभर पूर्ण भरलेली असू शकते.