विशेष शिक्षकांच्या गौरवाची तयारी : निवडीपासून परतीच्या गाडीपर्यंत

पुण्यात शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी एका दुपारीत मिळते. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षकांचा गौरव करायचा असेल, तर मात्र हॉलच्या आधी वर्ग गाठायला हवा. निवड समितीतल्या दोघांनी तरी शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन प्रत्येक वर्गात मागे बसून यावं. अर्जात ‘मुलांना खूप जीव लावतात’ एवढंच येतं. वर्गात दिसतं की बाईंनी हात धुण्याचे छोटे छोटे टप्पे पाडून त्यांची चित्रं बेसिनपाशी लावली आहेत आणि मूल शेवटचा टप्पा आधी शिकतंय. बाकीचं बाई करून देतात, पण नळ बंद करून रुमालाला हात पुसायचं काम त्याचं, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंदही त्याचाच. मग मागून पुढे एकेक टप्पा त्याच्याकडे येतो. यात माया आहेच, पण शास्त्र आहे, सराव आहे. वैयक्तिक शिक्षण योजनेबद्दलही, म्हणजे एकेका मुलासाठी वेगळ्या आखलेल्या उद्दिष्टांबद्दलही विचारा, मुलांची नावं झाकून. जूनमध्ये ठरवलेलं उद्दिष्ट दिवाळीनंतर का बदललं, हे ज्यांना नेमकं सांगता येतं, ते माझ्या मते खरे मानकरी.

नावं मागवताना फक्त विशेष शाळांना पत्रं धाडू नका. कोरेगाव पार्कातली मुलांची आणि कोथरूडमधली मुलींची अंधशाळा, गोखलेनगरची बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची कामायनी ही नावं आपल्याला पटकन आठवतात. पण अपंग व्यक्तींसाठीच्या 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, ते 2016च्या कायद्यात 21 झाले. स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. यातली कितीतरी मुलं महापालिकेच्या आणि इतर साध्या शाळांत बसतात. तिथले विशेष शिक्षक, अंथरुणाला खिळलेल्या मुलाला घरी जाऊन शिकवणारे शिक्षक, यांची नावं मुद्दाम शोधा. आणि शाळेतल्या मावशींना विसरू नका. मुलाला भरवण्याची, शौचाला नेण्याची शिस्त त्या सांभाळतात, म्हणून तर पुढचं शिकवणं होतं.

सन्मानपत्र मी सर्वांत महत्त्वाचं मानते. ‘त्याग’, ‘देवदूत’, ‘बिचारी मुलं’ हे शब्द त्यात नकोत. त्याग म्हटलं की त्यांचं कौशल्य झाकलं जातं आणि मुलं दयेची धनी ठरतात. वर्गात जे पाहिलं तेच दोन-तीन वाक्यांत लिहा. शिक्षक दृष्टिहीन असतील तर सन्मानपत्र ब्रेलमध्येही हवं. ब्रेलला जागा जास्त लागते, कागद जाड लागतो आणि मजकूर जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो, तेव्हा छपाईच्या बरेच दिवस आधी तो पक्का करा.

तारीख 5 सप्टेंबर धरायचा मोह होतो, पण ती पुष्कळदा गणेशोत्सवात किंवा त्याच्या तोंडावर येते. ढोल-ताशाच्या दणक्यात आणि बंद रस्त्यांत स्वमग्न मुलाला शहराच्या मध्यभागी आणणं म्हणजे त्याचा छळ. 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला शाळांचे स्वतःचे कार्यक्रम असतात. नोव्हेंबर अखेरची एखादी शनिवार दुपार बरी.

हॉल बघायला व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या. फूटभर चढायला किमान बारा फूट लांब उतार लागतो. फळी टाकून भागत नाही. दारात उतार असतो आणि रंगमंचाला चार पायऱ्या, हे नेहमीचंच. तसं असेल तर सगळ्यांचाच सत्कार खाली, पहिल्या रांगेसमोर करा. स्वच्छतागृहाचं दार मोजून बघा. गोंगाट सोसेना झाला तर मुलाला बसता येईल अशी एक शांत खोली जवळच ठेवा. स्पीकरचा आवाज कमी, फ्लॅश बंद. फोटोंसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्या. भारतीय सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी लागतील, कारण एकट्याला फार वेळ सलग करणं झेपत नाही. त्यांना भाषणं आधी पाठवा आणि त्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर उजेड राहील असं बघा. दोन्ही हात वर करून हलवणं ही कर्णबधिरांची टाळी सगळ्या सभागृहाला सुरुवातीलाच शिकवा.

मुलांनी काय करायचं ते त्यांच्या शिक्षकांना विचारून ठरवा. नाच बसवायलाच हवा असं नाही. आपल्या बाईंच्या हाती सन्मानपत्र देणं पुरेसं आहे.

रोख रक्कम थेट शिक्षकांच्या खात्यात जावी. वर्गासाठीचा निधी वेगळा ठेवा. चित्रकार्डं, लॅमिनेशन, वेल्क्रो यांवर अनेक जण पदरचे पैसे घालतात.

परतीच्या गाड्या सहाला म्हटल्या तर सहालाच सुटाव्यात. काही मुलांची औषधं, जेवण आणि झोप घड्याळाला बांधलेली असतात. म्हणून पाहुण्यांचं भाषण लांबलं तर ते थांबवायचा अधिकार सूत्रसंचालकाला आधीच द्या आणि तसं पाहुण्यांनाही निमंत्रण देतानाच सांगा.