पावसाआधी मोवरची ऑइलगळती काढा, पण सीलला हात लावण्याआधी ब्रीदर उघडा

पहिला पाऊस झाला की बागेतल्या ओळींमधलं गवत आठ-दहा दिवसांत घोट्याच्या वर जातं आणि नेमका तेव्हाच महिनोन्‌महिने शेडमध्ये उभा असलेला मोवर, म्हणजे गवत कापायचं मशीन, बाहेर निघतो. खाली ऑइलचा डाग दिसतो. त्यावर माती लोटून दोरी ओढली जाते. दोन-तीन तासांनी इंजिन खडखडतं आणि जाम होतं. पिकाची तणाशी खरी झोंबाझोंबी पहिल्या तीस-चाळीस दिवसांतच चालते. त्यातले पंधरा दिवस मशीन दुरुस्तीला पडलं, तर नंतर चकाचक होऊन आलेल्या इंजिनाचा पिकाला काही उपयोग नसतो. म्हणून जे उघडायचं ते आत्ता उघडा.

या इंजिनात ऑइल असतंच किती? 160 ते 200 सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण 500 ते 600 मिली, 35 सीसीच्या ग्रास कटरमध्ये जेमतेम 100 मिली. बहुतेकांत ऑइलचा पंप नसतो. आत फिरणारा छोटा चमचा किंवा पंखा ऑइलमध्ये बुडून ते वर उडवतो. पातळी उतरली की चमचा कोरडाच फिरतो, आणि उतारावर मशीन कललं की आणखी लवकर. त्यामुळे थेंब थेंब गळती किरकोळ समजू नका.

आता मुख्य मुद्दा. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली (पिस्टनखालच्या, ऑइल असलेल्या पेटीतली) हवा दाबली जाते आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीच्या, झडपेतून बाहेर पडते. पिस्टन वर जाताना झडप मिटते, म्हणून आत किंचित ओढ राहते आणि ऑइल आतच थांबतं. झडप चिकटली किंवा नळीत माती बसली, की ही ओढ जाऊन दाब तयार होतो. मग जी जागा सगळ्यात कच्ची, तिथून ऑइल बाहेर येतं. सील (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं) नवा असला तरी येतं. नवा सील आठवड्यात पुन्हा गळतो तो बऱ्याचदा यामुळे, आणि दोष मात्र सीलच्या कंपनीला दिला जातो.

ओळखायची साधी खूण: मशीन रात्रभर उभं असताना खाली डाग पडत असेल तर ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट), गॅस्केट (जोडातलं पातळ पॅकिंग) किंवा खालचा सील बघा. उभं असताना कोरडं आणि चालवल्यावर ओलं होत असेल, एअर फिल्टरमध्ये ऑइल येत असेल, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या काडीच्या) तोंडाशी फेस दिसत असेल, तर ब्रीदर.

त्याहीआधी दोन गोष्टी तपासा. ऑइल जास्त भरलं असेल तर सगळीकडून बाहेर येतंच. काही इंजिनांत डिपस्टिक पेच न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची असते, काहींत पूर्ण आवळून. तुमच्या मशीनची रीत मॅन्युअलात बघा, नाहीतर माप चुकतं. आणि डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी न भरताच चढलेली दिसली, तर कार्बोरेटरची सुई गळून पेट्रोल खाली उतरलं आहे. असं इंजिन चालवूच नका. सुई बदला, ऑइल बदला आणि काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय लावा.

ब्रीदर काढायचा असा. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा. साइड वाल्व (वाल्व सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनात तो कार्बोरेटरजवळ, वाल्वच्या खिडकीवरच्या पत्र्याच्या झाकणात असतो. ओव्हरहेड वाल्व (वाल्व सिलिंडरच्या डोक्यावर असलेल्या) इंजिनात बहुधा रॉकर कव्हरमध्ये, म्हणजे वाल्ववरच्या झाकणात, किंवा त्याच्या आसपास. नाही सापडला तर एअर फिल्टरकडून निघणारी रबरी नळी धरून मागे जा. नळी काढून आरपार बघा. उंदीर-माशीचं घर, चिकट काळा गाळ, भेगा, जे असेल ते दिसेल. झाकण रॉकेलमध्ये भिजवा, मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा. झडपेची पत्र्याची पातळ जीभ स्क्रूड्रायव्हरने उचलू नका, वाकली की गेली. आतलं ऑइल परत खाली जायचं बारीक भोक मोकळं करा, कारण तेच बुजलेलं असेल तर ऑइल एअर फिल्टरकडे जातं. बसवताना नवी गॅस्केट घाला. गॅस्केट लहान आहे म्हणून जुनीच लावू नका.

मॅन्युअलमध्ये नसलेला पण उपयोगी पडणारा एक अंदाज: ऑइल भरायचं तोंड उंच नळीवर असेल तर इंजिन मंद गतीवर ठेवून त्या तोंडावर पातळ पिशवी सैल धरा. पिशवी आत ओढली गेली किंवा नुसती फडफडली तर ठीक. फुगून ताठ झाली तर आत दाब आहे. तोंड खाली असलेल्या इंजिनात हे करू नका, ऑइल अंगावर उडतं. ब्रीदर साफ करूनही पिशवी फुगत असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. तेव्हा सील बदलून काही होणार नाही.

ब्रीदर ठीक असेल तरच पुढे जा. अख्खं इंजिन धुवून वाळवा, संशयाच्या जागी टॅल्कम पावडर शिंपडा आणि दहा मिनिटं चालवा. पावडर पहिल्यांदा जिथे काळी होईल, गळती तिथेच आहे. वाऱ्याने ऑइल पसरतं, म्हणून सगळ्यात ओल्या जागेपेक्षा सगळ्यात वरच्या ओल्या जागेवर भरवसा ठेवा.

ड्रेन बोल्ट: वॉशर बदला, बेताने आवळा. ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च दहापट.
भरायची नळी: खालची ओ-रिंग (गोल रबरी कडं) बदला.
रॉकर कव्हर: गॅस्केट बदला, बोल्ट आलटून पालटून आवळा.
चेंबरची (क्रँककेसच्या झाकणाची) गॅस्केट: मूळ जाडीचीच घ्या, तिच्यावर क्रँकच्या दांड्याची आत-बाहेरची चाल ठरते. आधी थंड इंजिनावर बोल्ट तपासा, कधी कधी ते सैलच झालेले असतात.

पात्याकडचा सील गळत असेल तर आधी शाफ्टला (पातं फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळलेलं गवत, सुतळी, तार काढा. तेच सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) कापतं. शाफ्ट हाताने फिरवून बघा. दगडावर आपटून वाकला असेल तर कोणताही सील टिकणार नाही. जुना सील काढताना शाफ्टवर ओरखडा येऊ देऊ नका. शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर (कीवेवर) चिकटपट्टी गुंडाळा, नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि त्याच मापाच्या पाइपाने हळूहळू सरळ ठोका. शाफ्टवर जुन्या ओठाची चरी पडली असेल तर नवा सील मिलिमीटरभर बाहेर ठेवला की ओठ ताज्या जागेवर बसतो.

गळती बंद करणारं म्हणून मिळणारं बाटलीतलं औषध घेऊ नका. ते फार तर रबर थोडं फुगवतं, चिकटलेल्या झडपेला त्याने काही होत नाही. जाड ऑइलही नको. चार दिवस गळती लपते आणि दोरी ओढताना खांदा निघतो. मॅन्युअलात असेल तेच ऑइल भरा, बहुधा एसएई 30 किंवा 10डब्ल्यू-30. चेंबरला लिक्विड गॅस्केट (ट्यूबमधली पेस्ट) थापणारेही खूप आहेत. जास्तीचं आत सुटून ऑइलची वाट बुजवतं.

मशीन तिरकं करताना एअर फिल्टर आणि प्लग वरच्या बाजूला राहतील असं करा. उलट्या बाजूला आडवं केलं की ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये जातं, मग त्यालाच लोक गळती म्हणतात. तसं झालंच तर प्लग काढून दोरी ओढा, ऑइल बाहेर काढा, मगच चालू करा.

नेहमीची कामं:
– रोज चालू करण्याआधी सपाट जागी ऑइलची पातळी.
– नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल मॅन्युअलच्या तासांनुसार लवकर, नंतर साधारण दर 50 तासांनी.
– कूलिंग फिनमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमधली) ऑइलमिश्रित धूळ खरवडणं. ती साचली की इंजिन तापतं आणि सील कडक होतात.
– जुनं ऑइल बांधावर किंवा ओढ्यात न ओतता डब्यात साठवणं.

दुरुस्ती झाल्यावर पंधरा मिनिटं चालवून थंड करा आणि खाली कोरा पुठ्ठा ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर तो ज्या बोल्टाच्या किंवा जोडाच्या खाली असेल, तो पुन्हा उघडा. पुठ्ठा कोरडा, पण तासभर गवत कापल्यावर पुन्हा ओलावा आला, तर ब्रीदरचं झाकण परत काढा. जीभ नीट मिटत नसेल.